ट्रॅकर संगीताचे पाठभेद : जुन्या फाइली आणि हरवलेले वादक

संगीत जपून ठेवण्याचे दोन मार्ग आपल्या ओळखीचे आहेत. पहिला ध्वनिमुद्रणाचा. मैफल तबकडीवर किंवा फितीवर उतरली की ती पुन्हा ऐकण्यासाठी गायकाची गरज उरत नाही. दुसरा मार्ग स्वरलेखनाचा. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकांच्या मालिकेत शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून ठेवल्या. त्या पानावरून गळ्यात यायच्या तर गाणारा लागतो, आणि लिहिलेल्या दोन स्वरांच्या मधली वाट कशी चालायची हे त्याला आधीपासून ठाऊक असावे लागते.

या दोहोंच्या मधोमध बसेल असा तिसरा प्रकार १९८७पासून पुढची दहा-पंधरा वर्षे मुख्यतः युरोपातील तरुण मुलांनी घरगुती संगणकांवर घडवला. त्याला ट्रॅकर संगीत म्हणतात. या संगीताच्या फाइली आज मोठ्या संख्येने शाबूत आहेत. १९९६पासून चालू असलेल्या 'मॉड आर्काइव्ह' या एकाच संग्रहात त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नाही, अशा प्रती सहज मिळतात. तरीही तीच फाइल तीन वेगवेगळ्या प्लेयरमध्ये वाजवली तर तीन वेगवेगळी गाणी ऐकू येऊ शकतात. एकात लय मध्येच ढासळते, दुसऱ्यात एखादे वाद्य मुकेच राहते, तिसऱ्यात सारे सुरळीत वाटते. पण आवाज इतका गुळगुळीत झालेला असतो की मूळ यंत्रावर ऐकणाऱ्याला तो परका वाटावा.

गेली काही वर्षे मी या फाइली ऐकतो आहे आणि त्या उघडून आतले बाइट वाचतो आहे. संगणकाच्या भाषेत या अडचणीला 'कम्पॅटिबिलिटीचा प्रश्न' म्हणतात, आणि तो निव्वळ तांत्रिक समजला जातो. माझ्या मते तो मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. ज्यांनी हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहिल्या आहेत, त्यांना तो चटकन कळेल. तो कसा, हे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

ट्रॅकर म्हणजे काय

कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक १९८५मध्ये बाजारात आला. त्यात 'पॉला' नावाची एक चिप होती. ध्वनीचे छोटे मुद्रित तुकडे, म्हणजे सॅम्पल, स्मृतीतून थेट उचलून ती एका वेळी चार चॅनेलवर वाजवू शकत असे. प्रत्येक चॅनेलचा वेग आणि आवाजाची पातळी स्वतंत्रपणे ठरवता येई. वेग वाढवला की सूर चढे, कमी केला की उतरे. म्हणजे पियानोच्या एकाच स्वराचा तुकडा जवळ असला, तर त्यातून सगळे सप्तक काढता येई.

या चिपसाठी जर्मनीतील कार्स्टन ओबार्स्की याने १९८७मध्ये 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' हा प्रोग्राम लिहिला. त्याचा पडदा हिशेबाच्या वहीसारखा दिसतो. चार उभे रकाने म्हणजे चार चॅनेल; आडव्या ओळी म्हणजे काळ. वरून खाली एकेक ओळ वाजत जाते. प्रत्येक घरात जास्तीत जास्त तीन गोष्टी लिहिता येतात : कोणता स्वर, कोणते सॅम्पल, आणि त्या स्वराचे काय करायचे याची एक आज्ञा. मींड घ्या, कंप द्या, आवाज हळूहळू उतरवा, अशा या आज्ञा असतात. अशा ६४ ओळींचे एक पान, त्याला 'पॅटर्न' म्हणतात. आणि कोणते पान कोणत्या क्रमाने वाजवायचे याची एक यादी.

एका घराला चार बाइट लागतात, म्हणजे चार चॅनेलचे ६४ ओळींचे पान १,०२४ बाइटमध्ये मावते. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणाला मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात. चार-पाच मिनिटांचे ट्रॅकर गाणे सगळ्या सॅम्पलसह एक-दोनशे केबीमध्ये बसते. अमिगाची फ्लॉपी ८८० केबीची होती, हे लक्षात घेतले की या काटकसरीचे मोल कळते.

ओबार्स्कीच्या प्रोग्रामवरून पुढे अनेकांनी आपापली सुधारित रूपे काढली. १९८९मध्ये नॉइझट्रॅकर आला, १९९०मध्ये प्रोट्रॅकर. मग ही पद्धत पीसीवर गेली. फिनलंडच्या फ्यूचर क्रू या गटातील सामी तामिलेह्तो याचा 'स्क्रीम ट्रॅकर ३', स्वीडनच्या ट्रायटन या गटाचा 'फास्टट्रॅकर २' (१९९४), ऑस्ट्रेलियातील जेफ्री लिम याचा 'इम्पल्स ट्रॅकर' (१९९५) ही त्यातली ठळक नावे. संगणकाकडून चित्र आणि संगीताचा चमत्कार करवून घेणाऱ्या 'डेमोसीन' या हौशी चळवळीचे हे संगीत. फ्यूचर क्रूने १९९३मध्ये सादर केलेला 'सेकंड रिअॅलिटी' हा डेमो आजही तिचा मानदंड मानला जातो. फिनलंडने २०२०मध्ये आणि जर्मनीने २०२१मध्ये आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत डेमोसीनचा समावेश केला. म्हणजे हे संगीत आता वारसा ठरले आहे. वारसा ठरला की जपणुकीचा प्रश्न येतो, आणि जपायचे नेमके काय, हा त्याच्या आधीचा प्रश्न.

एक बाइट, तीन अर्थ

प्रोट्रॅकरच्या 'मॉड' फाइलीची रचना अगदी साधी आहे. आधी २० बाइट गाण्याच्या नावासाठी. मग ३१ सॅम्पलच्या नोंदी, प्रत्येकी ३० बाइटच्या. मग एका बाइटात गाण्याची लांबी, पुढे एक सुटा बाइट, त्यानंतर पानांच्या क्रमाची १२८ बाइटांची यादी, आणि शेवटी 'एम.के.' अशी चार चिन्हांची ओळखखूण. बेरीज १,०८४. तिथून पुढे पाने सुरू होतात.

मूळ साउंडट्रॅकरमध्ये मात्र १५च सॅम्पलची सोय होती आणि ओळखखूण नव्हतीच. त्या फाइलींमध्ये पाने ६०० बाइटांनंतर सुरू होतात. आपल्यासमोरची फाइल कोणत्या प्रकारची आहे हे फाइल स्वतः सांगत नाही. ठरावीक जागी खूण सापडली नाही, तर ही जुनी असावी असा तर्क प्लेयरला करावा लागतो. जी फाइल संगीताची नाहीच, तिच्यातही ही खूण नसते, हे आणखी वेगळे.

आता लांबीनंतर येणारा तो सुटा बाइट पाहू. ३१ सॅम्पलच्या फाइलीत तो ९५२वा, १५च्या फाइलीत ४७२वा. ओबार्स्कीच्या प्रोग्राममध्ये त्यात गाण्याची गती लिहिलेली असे, बहुधा १२० हा आकडा. नॉइझट्रॅकरने त्याच जागी 'गाणे संपल्यावर कितव्या स्थानापासून पुन्हा सुरू करायचे' ही माहिती ठेवली. प्रोट्रॅकरला दोन्हींची गरज वाटली नाही; तो तिथे नुसते १२७ लिहून मोकळा होतो. तीन पिढ्यांत एकाच बाइटाला तीन अर्थ आले, त्यातला तिसरा म्हणजे 'काहीच नाही'. कोणता अर्थ लावायचा हे बाइटात नाही. ती फाइल कोणी लिहिली यावर ते अवलंबून आहे.

हीच गोष्ट आज्ञांची. ओबार्स्कीकडे १ या आज्ञेने आर्पेजिओ होई, म्हणजे तीन स्वर झरझर आळीपाळीने वाजवून एकत्र वाजल्याचा भास होई. आणि २ या आज्ञेने मींड निघे. पुढच्या प्रोग्रामांनी आर्पेजिओला ० हा क्रमांक दिला आणि १ व २ हे चढत्या-उतरत्या मींडेसाठी ठेवले. जुनी फाइल नव्या अर्थाने वाचली की जिथे सुरांचा गुच्छ ऐकू यायचा तिथे सूर भलतीकडे घसरत जातो. सॅम्पलच्या पुनरावृत्तीचा आरंभबिंदूही असाच. सुरुवातीला तो बाइटांमध्ये मोजत, पुढे दोन-दोन बाइटांच्या शब्दांमध्ये. चुकीचे एकक धरले तर आरंभबिंदू दुप्पट किंवा निम्म्या अंतरावर जातो, आणि सलग वाहायचा आवाज टकटकू लागतो.

युनिकोडच्या आधी संगणकावर मराठी मजकूर जुळवणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. त्या काळी प्रत्येक फाँट घराण्याची अक्षरांची जागा वेगळी होती. एका फाँटातील 'क' दुसऱ्या फाँटात भलतेच काही दिसे. फाइल उघडे, बाइट शाबूत असत, पण कोणत्या फाँटात जुळणी झाली हे ठाऊक नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. ट्रॅकरच्या फाइलीत चिन्हांऐवजी सूर असतात, एवढाच फरक.

वेळ कोण मोजतो

सर्वांत ऐकू येणारा बिघाड लयीचा असतो. त्याचे मूळ दूरचित्रवाणीच्या पडद्यात आहे.

युरोपातील पाल पद्धतीचा पडदा सेकंदाला ५० वेळा नव्याने रेखला जाई. साउंडट्रॅकर याच ठोक्यावर चाले. या एका ठोक्याला 'टिक' म्हणतात. नेहमीच्या गतीत सहा टिक म्हणजे एक ओळ. ओळीला ०.१२ सेकंद, आणि ६४ ओळींच्या पानाला ७.६८ सेकंद. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत पडदा सेकंदाला ६० वेळा रेखला जाई. तिथे तेच पान ६.४ सेकंदांत उरके. त्यातच दोन्ही प्रदेशांतील अमिगाच्या घड्याळांची वारंवारिताही किंचित वेगळी होती. युरोपात मधला 'सी' वाजवताना सॅम्पल सेकंदाला ८,२८७ वेळा वाचले जाई, अमेरिकेत ८,३६३ वेळा. सुरांतला हा फरक सुमारे १६ सेंटचा, म्हणजे आपल्या प्रमाणश्रुतीपेक्षाही थोडा लहान. पीसीवरच्या ट्रॅकरांनी पुढे ८,३६३ हाच आकडा प्रमाण धरला. त्यामुळे युरोपात बांधलेली गाणी पीसीवर आपोआप केसभर चढी वाजू लागली. बहुतेकांच्या कानाला ते जाणवत नाही. मूळ यंत्रावरच्या जुन्या मुद्रणाशेजारी ठेवले की जाणवते.

पडद्याच्या ठोक्याला बांधून घेणे सर्वांनाच रुचेना. म्हणून प्रोट्रॅकरने अमिगातील दुसऱ्या एका घड्याळाचा आधार घेण्याची सोय केली. या घड्याळाच्या पद्धतीला 'सीआयए' म्हणतात. आता गती सांगणाऱ्या एकाच आज्ञेचे दोन अर्थ झाले. आकडा ३२च्या आत असेल तर 'एका ओळीत इतके टिक', आणि ३२ किंवा अधिक असेल तर 'मिनिटाला इतके ठोके'. पडद्याच्या जुन्या पद्धतीत मात्र कोणताही आकडा टिकच मोजत असे. रचनाकार आपल्या प्रोग्रामात यांपैकी एक पद्धत निवडी, आणि ती निवड फाइलीत कुठेही नोंदली जात नसे.

परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. जुन्या पद्धतीत काम करणाऱ्या रचनाकाराला तानेच्या शेवटी क्षणभर थांबायचे आहे. तो गतीच्या आज्ञेत ४० लिहितो. ती एक ओळ ४० टिक, म्हणजे ०.८ सेकंद थांबते. पुढच्या ओळीत तो पुन्हा ६ लिहितो आणि गाणे पूर्ववत चालू लागते. हीच फाइल नव्या पद्धतीने वाचली तर ४० म्हणजे मिनिटाला ४० ठोके. टिकांचा वेग सेकंदाला ५०वरून १६वर येतो. पुढच्या ओळीतला ६ हा फक्त टिकांची संख्या सांगतो, ठोक्यांचा वेग परत आणत नाही. आता प्रत्येक ओळीला ०.१२ऐवजी ०.३७५ सेकंद लागतात. एका क्षणाचा विराम अख्ख्या गाण्याला चिकटतो, आणि गाणे शेवटपर्यंत तिपटीहून अधिक संथ रखडत जाते.

जाणते प्लेयर यावर एक युक्ती करतात. नव्या पद्धतीने हिशेब करून गाण्याची लांबी अवाजवी आली, तर फाइल जुन्या पद्धतीची असावी असे मानून ते पुन्हा हिशेब करतात. संपादक संदर्भावरून पाठ ठरवतो तसेच हे आहे. अंदाज बहुधा बरोबर येतो. पण तो अंदाजच.

यंत्राचा आवाज

लय बरोबर आली तरी नाद उरतोच. पॉला चिपचे चार चॅनेल दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे असे पक्के बांधलेले होते. मधली जागा नव्हतीच. खोलीत स्पीकर ठेवून ऐकताना ते खपून जाई. हेडफोन लावला की ढोल एका कानात आणि धून दुसऱ्या कानात अडकते. म्हणून आजचे बहुतेक प्लेयर दोन्ही बाजू थोड्या एकमेकींत मिसळतात. कानाला हे सुखद आहे, पण मूळ यंत्र तसे वाजत नसे.

दुसरी गोष्ट खरखरीची. पॉला सॅम्पलमधल्या दोन आकड्यांच्या मधली जागा भरून काढत नसे. एका आकड्यावरून दुसऱ्यावर पायरीसारखी उडी मारी. त्यातून मूळ आवाजात नसलेली एक धारदार झळाळी येई. आधुनिक प्लेयर गणिताने ती पायरी गुळगुळीत करतात. ऑर्गनसारख्या आवाजाला ते मानवते. पण ज्या रचनाकाराने झांजेचा तुकडा मुद्दाम कमी दर्जात घेऊन त्या झळाळीवर भिस्त ठेवली, त्याची झांज आता घोंगडीखाली वाजल्यासारखी वाटते.

तिसरी गोष्ट गाळणीची. अमिगात सुमारे ३,३०० हर्ट्झच्या वरचे नाद दाबणारी एक गाळणी होती आणि ती प्रोग्राममधून चालू-बंद करता येई. अमिगा ५००वर ती बंद केली की यंत्रावरचा विजेचा दिवा मंद होई. प्रोट्रॅकरमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञा होती, आणि काही गाण्यांत ती लिहिलेली सापडते. ज्या प्लेयरला ही आज्ञा माहीत नाही, तो ती ओलांडून पुढे जातो. शिवाय अमिगा ५००मध्ये याखेरीज एक कायमची सौम्य गाळणी होती. १९९२च्या अमिगा १२००मध्ये तिचा परिणाम जवळपास नव्हता. म्हणजे 'मूळ यंत्रासारखा आवाज' म्हणताना कोणते मूळ यंत्र, हे आधी सांगावे लागते.

पीसीवर तर यंत्रांची विविधता आणखी वाढली. स्क्रीम ट्रॅकर ३मध्ये सॅम्पलबरोबरच अॅडलिब कार्डावरची, म्हणजे यामाहाच्या चिपमधून निर्माण होणारी कृत्रिम वाद्ये वापरता येत. त्या वाद्यांचा आवाज फाइलीत नसतोच; चिपला द्यायच्या काही आकड्यांची यादी तेवढी असते. चिपची नक्कल न करणाऱ्या प्लेयरमध्ये ते चॅनेल मुके राहतात, आणि गाण्यात काही कमी आहे हे नव्या श्रोत्याला कळतही नाही. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्ड ३२ आवाज स्वतःच मिसळू शके. पण १४पेक्षा जास्त आवाज घेतले की त्याचा नमुनादर ४४.१ किलोहर्ट्झवरून उतरू लागे, आणि ३२ आवाजांना १९.२वर येई. त्या कार्डावर बसून गाणे बांधणाऱ्याने जो आवाज ऐकला, तो आज आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा मंद होता.

चूक हाच पाठ

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. वर पाहिलेल्या अडचणी माहितीच्या अभावातून आलेल्या आहेत. पण काही अडचणी ट्रॅकर लिहिणाऱ्यांच्या चुकांतून जन्मल्या, आणि त्या अधिक उद्बोधक आहेत.

फास्टट्रॅकर २मध्ये पानातला एखादा भाग पुन्हा पुन्हा वाजवण्यासाठी एक आज्ञा आहे. भागाच्या आरंभी खूण करायची, शेवटी आवृत्त्यांची संख्या द्यायची. या प्रोग्राममध्ये एक दोष राहून गेला. ज्या ओळीवर आरंभाची खूण केली, तो ओळीचा क्रमांक पुढच्या पानापर्यंत टिकून राहतो. म्हणून पुढचे पान पहिल्या ओळीपासून सुरू न होता त्या क्रमांकाच्या ओळीपासून सुरू होते. हा दोष 'दुरुस्त' केलेल्या प्लेयरमध्ये काय होते? रचनाकाराने ज्या ओळी कधी ऐकल्याच नव्हत्या, त्या आता वाजतात. गाणे लांबते, तालाचे आवर्तन मोडते. प्रोग्राम शहाणा झाला आणि गाणे बिघडले.

स्क्रीम ट्रॅकर ३मध्ये आज्ञेला शून्य आकडा दिला तर मागचा आकडा पुन्हा वापरला जातो. पण अनेक आज्ञांची आठवण एकच, सामाईक आहे. आधी आवाज उतरवण्याच्या आज्ञेत ४ लिहिले आणि मग मींडेच्या आज्ञेत शून्य, तर मींडही ४चीच होते. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र आठवण देणारा प्लेयर इथे मींड घेतच नाही, किंवा मागे कधीतरी दिलेल्या आकड्याची घेतो. सॅम्पलच्या मध्यापासून वाजवण्याच्या आज्ञेचेही असेच. सांगितलेली जागा सॅम्पलच्या लांबीपलीकडे गेली, तर फास्टट्रॅकर २ गप्प बसतो आणि इम्पल्स ट्रॅकर नेहमीच्या पद्धतीत सॅम्पल आरंभापासून वाजवतो. एका फाइलीचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर केले की शांततेच्या जागी अचानक ढोल वाजण्याचे कारण हे असू शकते. प्रोट्रॅकरमध्ये सुरांना तीन सप्तकांची मर्यादा होती. चढत जाणारी मींड वरच्या टोकाला आपटून थांबे. ही मर्यादा न मानणाऱ्या प्लेयरमध्ये तीच मींड किंचाळत वर निघून जाते.

ग्रंथसंपादनाची आपली परंपरा अशुद्धे काढून टाकण्याची आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. तिथे ग्रंथकर्ता एक आणि चूक करणारा दुसरा होता, म्हणून चूक वेगळी काढता येत होती. ट्रॅकर संगीतात परिस्थिती उलटी आहे. चूक वादकाची, म्हणजे प्रोग्रामची. पण रचनाकार ती चूक ऐकत ऐकतच गाणे बांधत होता. कानाला बरे वाटेपर्यंत तो घरे बदलत राहिला. आज्ञांच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पडद्यासमोर काय ऐकू आले, तेच त्याचे गाणे. म्हणून इथे प्रोग्रामची चूक हा रचनेचा भाग ठरतो. ती सुधारणे म्हणजे मूळ पाठ पुसणे.

लेखनिकाची खूण

मग सगळ्या जुन्या चुका जशाच्या तशा सांभाळल्या की काम झाले का? तसेही नाही, कारण चुकांचीही घराणी आहेत.

फास्टट्रॅकर २च्या 'एक्सएम' फाइली पुढे इतर प्रोग्राममध्येही लिहिल्या जाऊ लागल्या. त्यांत ऑलिव्हिए लापिक याचा विंडोजवरचा मॉडप्लग ट्रॅकर फार लोकप्रिय झाला. त्याचे वाजवणे फास्टट्रॅकरशी तंतोतंत जुळत नव्हते. त्यावर बसून हजारोंनी एक्सएम फाइली बांधल्या, त्या मॉडप्लगच्या कानाने. अशी फाइल आज फास्टट्रॅकरच्या सगळ्या दोषांसह बिनचूक वाजवली तर ती चुकीची वाजते.

तेव्हा फाइल कोणत्या प्रोग्रामने लिहिली हे ओळखावे लागते. एक्सएम फाइलीत प्रोग्रामच्या नावासाठी २० बाइटांची जागा आहे. खऱ्या फास्टट्रॅकरने तिथे आपले नाव, मग 'व्ही' हे अक्षर आणि त्याला चिकटून '२.००' हा आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. मॉडप्लगच्या जुन्या आवृत्त्याही स्वतःला फास्टट्रॅकरच म्हणवतात. पण त्यांनी 'व्ही' आणि आकडा यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडली आहे. त्या एका रिकाम्या जागेवरून फाइलीचे घराणे कळते. मॉडप्लगचाच वारस असलेल्या 'ओपनएमपीटी'च्या वाचनप्रणालीत अशा खुणा तपासल्या जातात. फाइल फास्टट्रॅकरची असेल तर फास्टट्रॅकरचे दोष आणि मॉडप्लगची असेल तर मॉडप्लगचे, असा तिचा रिवाज आहे. बखरीच्या दोन प्रतींत एका वेलांटीच्या वळणावरून लेखनिक ओळखणाऱ्या अभ्यासकाचे काम याहून फार वेगळे नसते.

काय जपायचे

एक सोपा उपाय कुणीही सुचवेल : चांगल्या प्लेयरवर गाणे वाजवून त्याचे साधे ध्वनिमुद्रण करून ठेवावे आणि प्रश्न संपवावा. हे जरूर करावे. पण त्याने एक वाचन गोठते, आणि बाकीचे सारे हरवते. ट्रॅकरची फाइल हे उघडे पुस्तक होते. कोणीही ती उघडून स्वर कसे बांधले, मींड कुठे घेतली, तीन चॅनेलमध्ये पाचांचा भास कसा निर्माण केला हे पाहू शके. ही कला याच मार्गाने शिकली गेली. शिवाय सॅम्पलच्या नावासाठी असलेल्या २२ अक्षरांच्या जागा अनेकांनी नावांऐवजी मजकुरासाठी वापरल्या. अशा ३१ ओळींत मित्रांना नमस्कार, प्रतिस्पर्ध्यांना टोमणे, कधी आपला पत्ताही लिहून ठेवलेला सापडतो. ध्वनिमुद्रणात यातले काहीच उरत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पूर्ण केली. त्या आवृत्तीत ठरवलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद खाली, अशी पानाची रचना आहे. वाचकाला संपादकाचा निर्णयही दिसतो आणि निर्णयाचा आधारही. ट्रॅकर संगीताच्या जपणुकीला हीच शिस्त हवी, असे मला वाटते. मूळ फाइल न बदलता ठेवावी. ती कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीत बांधली गेली, कोणत्या यंत्रावर किंवा कार्डावर ऐकली गेली, हे कळेल तितके शेजारी नोंदवावे. मुद्रण केले तर कोणत्या प्लेयरने, कोणती गाळणी, किती स्टिरिओ, वेळेची कोणती पद्धत धरून केले, हे त्यासोबत लिहावे.

वादकच हाती असेल तर यातले बरेचसे काम सोपे होते. जेफ्री लिमने २०१४मध्ये इम्पल्स ट्रॅकरचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा त्या घराण्यापुरते बरेच तर्क संपले. शंका आली की मूळ ओळ उघडून पाहता येते. प्रोट्रॅकर आणि फास्टट्रॅकर २ यांच्या आजच्या संगणकांवर चालणाऱ्या काटेकोर प्रतिकृतीही हौशी मंडळींनी तयार केल्या आहेत. त्यांतही जुने दोष जाणीवपूर्वक राखलेले आहेत.

आपल्याकडच्या छापील साहित्याचा एक मोठा भाग गेल्या तीन-चार दशकांत आधी संगणकावर जुळला आणि मग कागदावर उतरला. दिवाळी अंकही त्याला अपवाद नाहीत. कागद हाती आहे तोवर त्या जुळणीच्या फाइलींची आठवण कोणाला होत नाही. त्या फाइली पुन्हा उघडायची वेळ येईल तेव्हा त्यांच्यासोबत फाँट, प्रोग्राम आणि आवृत्ती यांची नोंद आहे की नाही, यावरच त्या वाचता येतील की नाही हे ठरेल. फिनलंडमधल्या एखाद्या मुलाने १९९३मध्ये रात्र जागून बांधलेले गाणे आज नीट ऐकू येते, ते कुणीतरी त्याच्या वादकाच्या खोडी एकेक करून टिपून ठेवल्या म्हणून. बाइट जपणे हे अर्धे काम. ते बाइट कोण आणि कसे वाचत होते, हे लिहून ठेवणे हे उरलेले अर्धे.